आता मोर्चा खरेदी खात्यावर

आठ मार्च जवळ आला की मोटारकंपन्यांच्या जाहिराती सुरू होतात. गणवेश घातलेल्या, डोक्यावर टोपी, हातात स्क्रू आवळायचं यंत्र घेतलेल्या हसऱ्या मुली आणि वर ठळक अक्षरांत 'संपूर्णपणे महिलांनी चालवलेली असेंब्ली लाईन'. २०२१ साली ओला कंपनीने तामिळनाडूतल्या कृष्णगिरी जिल्ह्यातला आपला स्कूटरचा कारखाना फक्त स्त्रियाच चालवतील, पुढे तिथे दहा हजार स्त्रिया असतील, असं जाहीर केलं. आपल्या पुण्याच्या पट्ट्यातही अशा लाईनी झाल्या आहेत. मला त्याचा आनंद नाही असं कुणी समजू नये. सत्तरच्या दशकात टेल्कोने इंजिनिअर हवेत म्हणून दिलेल्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं छापलं होतं आणि सुधा कुलकर्णींनी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं, ही गोष्ट आता शाळेतल्या मुलींनाही पाठ आहे. तिथून इथवर आलो, हे थोडं नाही.

पण मैत्रिणींनो, जाहिरातीतल्या त्या लाईनवर गाडी बनत नाही, जोडली जाते. गाडीचे बहुतेक सुटे भाग बाहेरून येतात. कंपनीला थेट माल देणारा मोठा पुरवठादार, त्याला माल देणारा भोसरी-चाकणचा मधला कारखाना, त्याला जॉबवर्क करून देणारं आठ-दहा माणसांचं वर्कशॉप, आणि त्याच्याही खाली एखाद्या वस्तीतलं घर. या उतरंडीत जसजसं खाली जावं तसतशा बाया वाढत जातात आणि त्यांचे फोटो कमी होत जातात. आपली स्त्री चळवळ या उतरंडीच्या तळाशी अनेकदा गेली आहे. मालकाच्या दारात बसली आहे, घोषणा दिल्या आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण बसलो ते दारच चुकीचं होतं.

हे मी बाहेरून बोलत नाही. मी प्रॉडक्शन इंजिनिअर आहे. एका मोठ्या वाहन कंपनीच्या व्हेंडर डेव्हलपमेंट खात्यात मी पंधरा वर्षं काढली. पुरवठादाराच्या कारखान्यात जायचं, त्याच्या मशीन बघायच्या, घड्याळ लावून काम मोजायचं, माल पसंत-नापसंत करायचा आणि किंमत खाली आणायला खरेदी खात्याला मदत करायची, असं ते काम. त्यामुळे 'पुरवठादाराच्या कारखान्यात काय चालतं ते आम्हाला काय माहीत?' असं कंपन्या जेव्हा म्हणतात, तेव्हा मला हसावं की रडावं ते कळत नाही. तिथे काय चालतं हे सेकंदासकट माहीत असण्यासाठीच तर आम्हाला पगार मिळायचा!

कॉस्ट शीट नावाचा एक कागद असतो. प्रत्येक भागाची किंमत त्यावर फोड करून लिहिलेली असते. कच्चा माल किती, त्यातून निघणाऱ्या भंगाराचे पैसे वजा, मशीनचा ताशी दर, एक नग करायला लागणारे सेकंद, त्या सेकंदांची मजुरी, खराब निघणारा माल, वरखर्च, नफा, वाहतूक. पैशाच्या दुसऱ्या दशांशापर्यंत. किती नफा घ्यायचा हेही पुरवठादार एकटा ठरवत नाही, आम्ही समोर बसून ठरवायचो. आता गंमत बघा. पोलादाचा किंवा तांब्याचा भाव वाढला की तो ठरलेल्या सूत्राने किमतीत वाढवून मिळतो, तशी करारातच सोय असते. महाराष्ट्रात किमान वेतनाबरोबरचा महागाईचा विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. त्यासाठी मी पाहिलेल्या एकाही करारात असं सूत्र नव्हतं. तांबं महागलं तर ती बाजाराची गोष्ट, बाई महागली तर ती पुरवठादाराची अडचण.

आणि ते सेकंद. वर्क स्टडी हा विषय आम्ही आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पुस्तकावरून शिकलो. कामाची वेळ मोजून झाली की त्यात माणसाच्या गरजांसाठी वाढ धरायची असते, तिचं तक्ताच त्यात आहे. नैसर्गिक विधींसाठी पुरुषांना ५ टक्के, स्त्रियांना ७ टक्के. मूळ थकव्यासाठी दोघांना ४. उभं राहून काम असेल तर पुरुषांना आणखी २, स्त्रियांना ४. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटं. त्याचे ७ टक्के साडेतेहेतीस मिनिटं होतात. हे काही स्त्रीवाद्यांनी मागितलेलं नाही, इंजिनिअरिंगच्या क्रमिक पुस्तकात छापलेलं आहे. परीक्षेत याच्यावर गणितं येतात. (हालचाली मोजण्याचं हे शास्त्र उभं करणाऱ्यांत लिलियन गिलब्रेथ ही एक बाई होती आणि १९१६ साली नवऱ्याबरोबर तिने थकव्यावरच अख्खं पुस्तक लिहिलं, हे मात्र आम्हाला कुणी शिकवलं नाही. असो.) प्रत्यक्षातल्या कॉस्ट शीटमध्ये या वाढीचा रकानाच नसतो. 'एफिशियन्सी' म्हणून एक आकडा असतो. मशीन बंद पडणं, डाय बदलणं, वीज जाणं आणि बाईचं लघवीला जाणं, सगळं त्या एका आकड्यात कोंबलेलं. डाय बदलायला उशीर झाला की भरपाई कशातून होते, हे सांगायला हवं का? एका कारखान्यात टेप गुंडाळणारी मुलगी मला म्हणाली, "मॅडम, मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाणीच पीत नाही." तिच्या शेजारची म्हणाली, "मी पण." मग आख्ख्या रांगेने सांगितलं. बदली बाई ठेवायची तर तिची मजुरी कॉस्ट शीटमध्ये नाही. सुपरवायझर दुष्ट होता म्हणून ते होत नव्हतं. तो बिचारा स्वतः घड्याळाला बांधलेला होता.

हे कारखाने वायर हार्नेसचे. गाडीच्या अंगात नसांसारखं पसरलेलं वायरींचं जाळं म्हणजे हार्नेस. वायर कापायची, टोकाला टर्मिनल दाबून बसवायचं, मग मोठ्या फळ्यावर खुंट्यांमधून एकेक वायर ओढत जाळं मांडायचं, टेप गुंडाळायची, शेवटी विजेची चाचणी. वायर लवचीक असते, दर वेळी वेगळी वळते, म्हणून एवढे रोबो आले तरी हे काम अजून मुख्यतः हातांनीच होतं. आणि ते हात जगभर बायकांचेच. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा पश्चिम युक्रेनमधले हार्नेसचे कारखाने थांबले, आणि मार्चमध्ये जर्मनीत फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यूच्या लाईनी बंद पडल्या. कोट्यवधींचे रोबो वायरीची वाट बघत उभे! बायकांच्या हातांची खरी किंमत त्या महिन्यात कळली असेल असं वाटलं होतं. पण चर्चा झाली ती हार्नेस आता कुठल्या दुसऱ्या स्वस्त देशात हलवायचं याची.

बायकाच का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं. "बायकांची बोटं नाजूक असतात हो, आणि त्यांना धीर असतो." १९८१ साली डायेन एल्सन आणि रूथ पिअर्सन यांनी 'फेमिनिस्ट रिव्ह्यू'मध्ये याच बोटांवर लेख लिहिला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. ही बोटं जन्मतः चपळ नसतात. मुलीला लहानपणापासून घरात शिवण-टिपण, निवडणं-पाखडणं शिकवलेलं असतं. ते शिक्षण घरात आणि फुकट झालं, म्हणून त्याला कौशल्य म्हणत नाहीत, निसर्ग म्हणतात. आणि निसर्गाला कोण पगार देतो? चाळीस वर्षांनंतरही तेच चाललं आहे. टर्मिनल दाबल्यावर त्याची उंची मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत तपासतात, आणि ती बरोबर आणणाऱ्या बाईला हजेरीपुस्तकात 'अकुशल' लिहितात.

आता बोटांविषयीच बोलायचं तर पॉवर प्रेसविषयी बोलायला हवं. पत्र्याचा तुकडा डायमध्ये ठेवायचा, प्रेस खाली येते, भाग तयार. प्रेस चालवायला दोन पद्धती आहेत. एक म्हणजे पायातलं पॅडल. दुसरी म्हणजे दोन हातांनी एकदम दाबायची दोन बटणं. बटणं दाबायची तर दोन्ही हात डायमधून बाहेर यावेच लागतात. त्यात दर नगामागे थोडा वेळ जातो. पॅडल असलं की एक हात आत असतानाच पाय दाबता येतो, नग लवकर निघतो आणि एखाद्या दिवशी बोटही निघतं. हात आत असेल तर प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदाही मिळतो, लाईट कर्टन म्हणतात त्याला. तो महाग पडतो म्हणून लावत नाहीत, किंवा लावतात आणि काम अडतं म्हणून बंद करून ठेवतात. म्हणजे बाईचं बोट आणि कॉस्ट शीटमधला सेकंद यांच्यात एका पॅडलचं अंतर आहे. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यांतल्या अपघातांवर 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. सुरुवात गुडगाव-मानेसरपासून झाली. बोटं गमावलेल्यांत पॉवर प्रेसवरचे कामगार सर्वांत जास्त, आणि पुष्कळांना ईएसआयचं कार्ड मिळालं तेच अपघात झाल्यानंतर, असं त्यांना दिसून आलं.

कंपनीचे इंजिनिअर त्या प्रेसजवळ जात नाहीत? जातात की. नवा भाग सुरू करण्याआधी पुरवठादाराला प्रोसेस एफएमईए नावाचा तक्ता भरून आमच्यापुढे ठेवावा लागतो. कामात काय काय बिघडू शकतं याची यादी करायची आणि प्रत्येक बिघाडाला गंभीरतेचे १ ते १० गुण द्यायचे. अमेरिकन मोटार उद्योगाच्या पुस्तिकेत १० गुण कशाला आहेत? गाडी चालवणाऱ्याच्या जिवाला धोका असेल त्याला, आणि मशीनवरच्या कामगाराला इशारा न मिळता इजा होऊ शकत असेल त्यालाही. २०१९ साली जर्मनांबरोबर मिळून ती पुस्तिका नवी केली, त्यातही कामगाराच्या जिवाचे १० कायम आहेत. नियम आहे. कागद आहे. मी पाहिलेल्या प्रेस शॉपच्या तक्त्यांमध्ये पत्र्याला कड येणं होतं, भोक सरकणं होतं, गंज होता, चुकीचा भाग डब्यात जाणं होतं. हात नव्हता. एका तपासणीनंतर मी अहवालात लिहिलं की सहा प्रेसपैकी एकीलाही पडदा नाही, बायका पॅडलवर काम करतात, हे दुरुस्त होईपर्यंत या भागाला मंजुरी देऊ नये. वरून उत्तर आलं की सुरक्षितता हा पुरवठादाराचा अंतर्गत विषय आहे, आपण गुणवत्तेपुरतं बोलावं. त्याच अहवालातला 'डब्यावर लेबल नाही' हा मुद्दा मात्र आठ दिवसांत दुरुस्त करून घेतला गेला!

लेबलाचं एवढं महत्त्व का, तेही सांगते. उद्या रस्त्यावर एखाद्या गाडीत दोष निघाला तर त्या भागाच्या नंबरावरून तो कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत, कोणत्या मशीनवर आणि कुणाच्या हातून बनला हे शोधता आलं पाहिजे, अशी या धंद्याची अट असते. त्यासाठी रजिस्टरं असतात, संगणक असतात. म्हणजे वाईट वायर जोडणाऱ्या बाईपर्यंत कंपनीला काही तासांत पोचता येतं. तिचा टोकन नंबर सापडतो. त्याच बाईचा भविष्यनिर्वाह निधी भरला का, बाळंतपणाच्या रजेनंतर तिला परत घेतलं का, हे विचारा. लगेच ती 'आमची कर्मचारी नाही'.

एकाच ठिकाणी हे लेबल हरवतं, आणि तिथे ते हरवलेलं सगळ्यांना चालतं. वायर जिथून आरपार जाते तिथे रबराची एक कडी बसवलेली असते, ग्रोमेट. साच्यातून निघाली की तिच्या कडेला जादा रबराची झालर असते, ती ब्लेडने काढावी लागते. आमच्या कागदावर या कामाचा एक चौकोन असायचा आणि पत्ता पुरवठादाराचा. प्रत्यक्षात गोण्या भरून कड्या वस्तीत जायच्या, शेकड्याच्या भावाने. जेवणं आटोपली की आई, मुली, कधी सासूही ब्लेड घेऊन बसायची. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने तो अजून मंजूर केलेला नाही.

वर्कशॉपचा मालक यात साधू आहे असं मी म्हणत नाही. पॅडल त्यानेच लावलेलं असतं, आणि बायकांशी अरेरावी करायला त्याला कुणाची ऑर्डर लागत नाही. पण दरवर्षी किंमत अमुक टक्क्यांनी कमी करायची हे तो करारातच लिहून देतो. नव्वदीच्या सुरुवातीला जनरल मोटर्सचा खरेदीप्रमुख लोपेझ याने पुरवठादारांच्या नरड्यावर पाय ठेवून किमती उतरवल्या आणि १९९३ साली फोक्सवॅगनने त्याला पळवून नेलं. तेव्हापासून खरेदीखात्यातला हिरो कसा असावा ते ठरून गेलं. मशीन सुधारून, डाय सुधारून किंमत एक-दोन वर्षं उतरते. नंतर उतरायला उरतं काय? माणूसच ना? छोट्या उद्योगांचं बिल मोठ्या कंपन्यांनी ४५ दिवसांत द्यावं असं २००६ चा कायदा सांगतो. ते देत नव्हत्या, म्हणून १ एप्रिल २०२४ पासून आयकरात तरतूद आली की मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही. म्हणजे खरेदीदार कंपनीचं मानगूट धरता येतं हे सरकारलाही कळतं. पण फक्त बिलासाठी.

"साखळी फार लांब आहे, खालपर्यंत आमचा हात पोचत नाही." हे दुसरं पालुपद. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमध्ये आयसिन कंपनीचा करिया इथला कारखाना जळाला. टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांच्या ब्रेकमधला एक लहानसा व्हॉल्व्ह तिथे बनायचा, आणि साठा न ठेवण्याच्या टोयोटाच्या प्रसिद्ध पद्धतीमुळे तो शिल्लक जेमतेमच होता. लाईनी थांबल्या. मग पुरवठादार, पुरवठादारांचे पुरवठादार, एवढंच काय शिवणयंत्रं करणारी ब्रदर कंपनीसुद्धा तो व्हॉल्व्ह करायला लागली आणि काही दिवसांत गाड्या पुन्हा निघू लागल्या. ब्रेकच्या व्हॉल्व्हसाठी हात एवढा खाली पोचतो, बोटांसाठी आखडतो?

कायदा आपल्याला तारेल अशी आशा मला फारशी नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात वीज वापरणारे दहा कामगार असले की कारखाना ठरायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, त्यात तो आकडा वीस झाला. मी वर सांगितलेली वर्कशॉपं त्या नव्या आकड्याच्या खालीच राहतात. रात्रपाळी आता स्त्रीच्या संमतीने करता येते. समोर कंत्राटदार उभा असताना संमती म्हणजे काय असते, हे आपल्या वाचक मैत्रिणींना मी सांगायला नको. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात दहापेक्षा कमी माणसांच्या जागी काम करणारीने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं असतं. ती समिती कुठे बसते हे प्रेसवरच्या किती बायकांना ठाऊक आहे?

पण खरेदीदाराला बांधता येतं याचे दाखले आहेत, आणि ते बायकांनीच घालून दिलेले आहेत. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा कोसळून अकराशेहून जास्त माणसं मेली, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. त्यानंतर युरोपातल्या कपड्यांच्या कंपन्यांना सही करावी लागली ती न्यायालयात लागू होईल अशा करारावर. इमारती दुरुस्त करायला पुरवठादाराला परवडेल असं बघणंही त्यांच्यावर बंधनकारक झालं. आणखी जवळचं उदाहरण दिंडिगुलचं. तामिळनाडूत जानेवारी २०२१ मध्ये एका कपड्यांच्या कारखान्यातल्या वीस वर्षांच्या दलित मुलीचा तिच्या सुपरवायझरने खून केला. तिच्या युनियनने, जी दलित स्त्रियांच्या पुढाकाराने चालते, हा प्रश्न कारखान्याच्या फाटकाशी संपू दिला नाही. २०२२ मध्ये एच अँड एम, गॅप आणि पीव्हीएच या बड्या खरेदीदारांनी करार केला. लाईनवरच्या बायकाच छळावर लक्ष ठेवतील, आणि पुरवठादाराने करार मोडला तर त्याच्या ऑर्डरींवर परिणाम होईल. एका युनियनने हे करून दाखवलं. चाकणला का होऊ नये?

मागायचं काय, तर कंपनीच्या भाषेतच मागायचं. कॉस्ट शीटमध्ये किमान वेतन आणि महागाई भत्ता पोलादासारखा वेगळा रकाना करून लिहा, त्याला वार्षिक कपात लागू करू नका. पुस्तकातले ७ टक्के 'एफिशियन्सी'त न बुडवता वेगळे दाखवा आणि बदली कामगाराची मजुरी त्यात धरा. पडदा किंवा दोन हातांची बटणं नसलेल्या प्रेसवरच्या भागाला मंजुरी नको, जशी लेबल नसलेल्या डब्याला नसते. आणि तपासणीला इंजिनिअरबरोबर बायकांच्या संघटनेचं माणूस हवं, वस्तीतल्या घरांपर्यंत. यातली एकही मागणी तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. मी स्वतः तो तक्ता एका दुपारी बदलून देऊ शकते.

'हे सगळं इंजिनिअरिंगचं, आकड्यांचं, आपल्याला काय कळणार' असं आपल्यातल्याच काहीजणी म्हणतात, त्याचा मला खरोखर राग येतो. रेशनच्या आकड्यांवरून ज्यांनी मंत्र्यांना लाटण्यांनिशी घेरलं, त्या बायकांच्या वारसदार आपण. सुरुवात करायला एक कागद हाताशीच आहे. सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सामाजिक जबाबदारीचा एक सविस्तर अहवाल सक्तीचा केला आहे. तुमच्या पुरवठादारांपैकी किती टक्क्यांकडे कामगारांचं आरोग्य, सुरक्षितता आणि कामाची परिस्थिती तपासली, असा प्रश्न त्यात आहे. तो ऐच्छिक भागात टाकलाय, म्हणजे कोरा सोडला तरी चालतो. हे अहवाल कुणालाही बघता येतात. पुढच्या अंकाच्या आत आमच्या गटातल्या सहाजणी पुणे परिसरातल्या वाहन कंपन्यांचे अहवाल काढून तो एक प्रश्न कुणी भरलाय, कुणी कोरा ठेवलाय आणि भरलाय तर प्रेसवरच्या बाईपर्यंत तो आकडा पोचतो का, ते तपासणार आहोत. ज्यांना इंग्रजी रकाने वाचायची सवय आहे त्यांनी यावं. ज्यांनी प्रेसवर किंवा हार्नेसच्या फळ्यावर काम केलंय त्यांनी तर नक्कीच यावं, कारण भरलेला आकडा खोटा असेल तर तो ओळखणार त्याच.